भिंती शेडमध्ये घडू द्या, पाया मृगाआधी होऊ द्या : मराठवाड्यातील जिल्हा परिषदांना खुले पत्र

प्रति,
मुख्य कार्यकारी अधिकारी, बांधकाम व शिक्षण विभागांचे अधिकारी आणि जिल्हा नियोजन समित्यांचे सदस्य,
छत्रपती संभाजीनगर, जालना, परभणी, हिंगोली, नांदेड, बीड, लातूर व धाराशिव

सप्रेम नमस्कार.

निजामकालीन शाळांच्या जागी नव्या खोल्या बांधण्याचा विषय मराठवाड्यात कित्येक वर्षे चालू आहे. त्याच्या जोडीला अंगणवाड्या, आरोग्य उपकेंद्रे आणि शाळांची स्वच्छतागृहे आहेत. ही कामे लहान असतात, नकाशे जवळपास सारखे असतात, तरी ती लांबतात. मुदतवाढीच्या अर्जात कारण लिहिले जाते, 'पाऊस'. हे कारण खोटे नाही, पण अपुरे आहे. मृग दरवर्षी जूनच्या पहिल्या आठवड्यातच निघतो आणि हस्ताचा पाऊस सप्टेंबरअखेरीलाच येतो. पावसाची वेळ ठरलेली असताना पायाचे खोदकाम नेमके जूनमध्ये का निघते, हा खरा प्रश्न आहे. इमारतीचा मोठा भाग कारखान्यात किंवा कास्टिंग यार्डात, म्हणजे काँक्रीटचे तुकडे साच्यात ओतायच्या आवारात, बनवून गावात फक्त जोडायचा, ही पद्धत या प्रश्नाला उत्तर देऊ शकते. मात्र त्यासाठी टेंडरची तारीख, बिलाचे टप्पे आणि पायाचा क्रम बदलावा लागेल. ते न बदलता नुसते 'प्रीकास्ट' हा शब्द अंदाजपत्रकात घातला, तर आज जो उशीर शाळेच्या आवारात होतो तोच उद्या गावच्या रस्त्यावर होईल.

आधी आजच्या पद्धतीत पाऊस नेमके काय अडवतो ते पाहू. ३१ मार्चच्या तोंडावर कार्यारंभ आदेश निघतो. आखणी, जुने बांधकाम पाडणे, वाळू-खडीची जुळवाजुळव यात एप्रिल-मे जातो. पायाचे खड्डे मेअखेर किंवा जूनमध्ये उघडतात. आपली जमीन काळी. ती पाणी प्यायली की फुगते, वाळली की भेगाळते. खड्ड्यात पाणी साचले की कडा ढासळतात, तळ मऊ होतो, पंपाने पाणी काढले तरी तळाचा चिखल खरवडून पुन्हा खोल जावे लागते. शेतकरी पेरणीसाठी वाफशाची वाट पाहतो, तशीच बांधकामालाही पाहावी लागते. फरक एवढाच की चांगला पाऊस झाल्यावर शेतात काही दिवसांत वाफसा येतो, पण खोदलेल्या खड्ड्यात आठवडाभर येत नाही. पाऊस दोन तासांचा आणि खोळंबा आठ दिवसांचा, हे गणित मुदतवाढीच्या अर्जात कधी दिसत नाही.

पाया निभावला तर स्लॅब अडतो. सव्वाशे मिलिमीटर जाडीच्या स्लॅबमध्ये एका चौरस मीटरला साधारण २२ लिटर पाणी मिक्समध्ये असते. ओल्या काँक्रीटवर १० मिलिमीटरची सर आली, तर प्रत्येक चौरस मीटरवर १० लिटर पाणी पडते. त्यातले बरेच वाहून जाते, पण जाताना वरची सिमेंटची साय घेऊन जाते आणि उरलेले पाणी वरच्या थराची ताकद घटवते. ताडपत्री असते, ती वाऱ्याने उडते. म्हणून शहाणा अभियंता ढग दाटले की स्लॅब पुढे ढकलतो आणि तो बरोबरच करतो. पण मजूर, मिक्सर, लिफ्ट यांची पुन्हा एका दिवशी सांगड बसायला दहा-बारा दिवस जातात. स्लॅब पडल्यावरही साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याचे (दोन आधारांमधल्या अंतराचे) टेकू आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे सात दिवस आणि त्याहून मोठ्या गाळ्याचे चौदा दिवस काढता येत नाहीत. बीमचे टेकू चौदा ते एकवीस दिवस राहतात. तोवर आत गिलावा सुरू होत नाही आणि सेंट्रिंगचे भाडे चालूच राहते.

मराठवाड्याचे हवामान म्हणजे केवळ पाऊस नव्हे. एप्रिल-मेमध्ये पारा चाळीसच्या वर असतो. ४० अंशांच्या वर काँक्रीट करायचे तर आयएस ७८६१ च्या वेगळ्या सूचना लागू होतात. कोरड्या उष्ण हवेत साध्या सिमेंटला किमान १० दिवस आणि पीपीसीसारख्या मिश्र सिमेंटला किमान १४ दिवस पाणी मारावे, असे आयएस ४५६ सुचवते. लातूरला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. ज्या गावात प्यायला टँकर येतो तिथे भिंतीवर चौदा दिवस पाणी कोण मारणार? पाणी मारले जात नाही आणि पहिल्या दोन पावसाळ्यांत भिंत पाझरते. म्हणजे आपल्याकडे बांधकामाला दोन ऋतू आडवे येतात. पावसाळ्यात जास्त पाणी अडवते, उन्हाळ्यात पाण्याची टंचाई. उरतो हिवाळा. तर दसऱ्यानंतर बीड, जालना, परभणी, धाराशिवमधली हजारो माणसे ऊसतोडीला जातात आणि हाताखालच्या बिगाऱ्यांची टंचाई नेमकी तेव्हाच होते.

आता यार्डात काय बदलते ते. दोन वर्गखोल्यांची शाळा घेऊ. प्रत्येक खोली आतून ६ बाय ७.२ मीटर, भिंतीची उंची ३.३ मीटर, मधली भिंत सामाईक. १५० मिलिमीटर जाडीच्या काँक्रीट पॅनलमध्ये, म्हणजे भिंतीच्या तयार तुकड्यांत, ही शाळा बांधली, तर लांब बाजूंना २.४ मीटर रुंदीची १२ पॅनल आणि आडव्या तीन भिंतींना ३ मीटर रुंदीची ६ पॅनल, अशी १८ पॅनल लागतात. खिडकी-दार धरले नाही तर लहान पॅनल जवळपास ३ टनांचे आणि मोठे ३.७ टनांचे भरते. छताला १.२ मीटर रुंदीचे, १५० मिलिमीटर जाडीचे पोकळ गाभ्याचे स्लॅब, म्हणजे ज्याला यार्डात हॉलो-कोअर म्हणतात ते, प्रत्येक खोलीला बरोबर ६ बसतात. एकाचे वजन पावणेदोन टनांच्या आसपास. खोलीची लांबी ७.५ ऐवजी ७.२ मीटर धरली ती याचसाठी. साडेसात मीटरला सहा पूर्ण तुकडे बसून ३० सेंटीमीटरची फट उरते आणि ती भरायला पुन्हा सेंट्रिंग, टेकू, पाणी सगळे गावात न्यावे लागते. नकाशा काढतानाच पॅनलच्या मापात काढला नाही तर या पद्धतीचा निम्मा फायदा तिथेच संपतो.

हे सारे तुकडे शेडखाली, लोखंडी साच्यात पडतात. जुलैत बाहेर मुसळधार असो की मेमध्ये लाही होवो, आत रोजचा ठरलेला माल निघतो. पाणी मारण्याऐवजी वाफेने क्युरिंग करता येते, किंवा हौदातले पाणी फिरवून वापरता येते. काँक्रीटची ताकद १५ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटरच्या आसपास आली की पॅनल साच्यातून निघते, रंगाने क्रमांक पडतो, नमुन्याच्या काँक्रीट ठोकळ्यांची चाचणी होते आणि ते रचून ठेवले जाते. गावात उघड्यावर ओतायचे काँक्रीट उरते ते पायाचे आणि छतावरच्या, सळईची जाळी घातलेल्या ५० मिलिमीटर थराचे. एका खोलीला हा थर जेमतेम अडीच घनमीटर लागतो. तो दोन पावसांच्या मधल्या एका सकाळी पडतो आणि खाली दोन आठवडे टेकूंचे जंगल उभे राहत नाही. आजच्या पद्धतीत त्याच खोलीच्या भिंतींना आठ हजारांवर विटा, त्यांचा सिमेंट-वाळूचा माल, बाहेरचा-आतला गिलावा आणि स्लॅबचे सहाएक घनमीटर काँक्रीट, सारे उघड्यावर होते. पावसाच्या तोंडी किती काम द्यायचे, हाच मुळात निवडीचा प्रश्न आहे.

यातूनच वर्षाच्या दोन फेऱ्या आखता येतात, आणि आमची मुख्य मागणी हीच आहे. पहिल्या फेरीत कार्यारंभ आदेश डिसेंबरमध्ये निघावा. जानेवारीत नकाशे आणि साचे पक्के व्हावेत, फेब्रुवारी ते एप्रिल गावात पाया आणि यार्डात पॅनल एकाच वेळी चालावे. मेच्या सुट्टीत उभारणी, जूनच्या मध्याला शाळा उघडते तेव्हा वर्ग तयार. दुसऱ्या फेरीचा पायासुद्धा मेअखेर जोत्यापर्यंत पुरा करून ठेवायचा. जून ते सप्टेंबर फक्त यार्ड चालेल, गावात कोणी नसेल. मग दिवाळीच्या सुट्टीत, जमीन चालण्याजोगी झाल्यावर क्रेन न्यायची. चार महिन्यांचा पावसाळा असा शेडखाली कामी येतो. दोन खोल्यांची उभारणी, पाया अचूक असेल आणि क्रेन थांबणार नसेल तर, तीन-चार दिवसांची असते. जोड भरणे, छताचा थर, फरशी, रंग, वीज याला आणखी तीन-चार आठवडे लागतात. 'आठ दिवसांत शाळा' अशी जाहिरात कोणी केली तर तिच्यावर विश्वास ठेवू नका.

पायाबद्दल थोडे सविस्तर, कारण तो यार्डात बनत नाही आणि हवामान त्यालाच गाठते. प्रत्येक जागी किमान दोन चाचणी खड्डे घ्यावेत. दीड-दोन मीटरवर घट्ट मुरूम लागला तर मुरमावर टेकलेले साधे फूटिंग पुरते. काळी माती खोलवर गेली असेल तर अंडर-रीम्ड पाइल, म्हणजे तळाशी फुगा असलेले खांब घ्यावे लागतात. आयएस २९११ च्या तिसऱ्या भागाप्रमाणे खोल फुगणाऱ्या मातीत त्यांची लांबी किमान ३.५ मीटर हवी आणि वरचा बीम जमिनीपासून किमान ८० मिलिमीटर मोकळा हवा, म्हणजे माती फुगली तरी बीमला खालून रेटा बसत नाही. ही ८० मिलिमीटरची पोकळी गावात नेहमी मातीने भरून टाकली जाते, कारण तिचे कारण कोणी सांगितलेले नसते. विटांच्या भिंतीत असा रेटा आला तर तिरकी भेग पडते. पॅनलच्या इमारतीत तोच रेटा जोडावर येतो, तिथले सील फाटते आणि पाणी आत शिरते. पाइलचे भोक पावसात मारू नये. कडा ढासळून फुग्याची जागा चिखलाने भरते आणि वरून ते कुणालाच दिसत नाही.

जोत्यातून वर काढलेल्या सळया, ज्या पॅनलच्या तळातल्या नळ्यांत शिरतात, त्या या पद्धतीचा सर्वांत नाजूक भाग आहेत. गवंड्याला २५ मिलिमीटरचा फरक किरकोळ वाटतो. पॅनलला तो चालत नाही, कारण नळीच ५०-६० मिलिमीटरची असते. काँक्रीट ओतताना सळई सरकते, पॅनल हवेत लटकलेले असते, क्रेनचे भाडे तासावर चढत असते आणि मग कुणीतरी सळई वाकवतो किंवा कापतो. कापलेली सळई म्हणजे भूकंपात सुटणारा जोड. उपाय स्वस्त आहे. यार्डानेच लोखंडी पट्टीचा टेम्पलेट, पॅनलच्याच मापाने भोके पाडून, पायाच्या ठेकेदाराला द्यावा. काँक्रीट ओतण्याआधी व नंतर मापे घेऊन दोन्ही ठेकेदारांनी सही करावी. तरीही सळई चुकलीच तर ती कापायला मनाई असावी. संरचना अभियंत्याच्या लेखी मान्यतेने नवे भोक मारून इपॉक्सीने नवी सळई बसवणे हा एकच मार्ग ठेवावा. सळया महिनोन् महिने उघड्या राहणार असतील, जसे दुसऱ्या फेरीत होईल, तर सिमेंटच्या पातळ लेपाने त्या गंजापासून वाचवाव्यात आणि वर टोप्या घालाव्यात.

भूकंपाचा उल्लेख आला म्हणून. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात जी माणसे गेली, त्यांतली बहुतेक दगड-मातीच्या भिंती आणि माळवदाच्या जड छपराखाली गेली. लातूर-धाराशिवच्या गावकऱ्याला जड छत म्हटले की धास्ती वाटणे साहजिक आहे आणि तिची टिंगल कोणी करू नये. पॅनलच्या इमारतीत सुरक्षितता वजनात नसते, जोडांत असते. छताचे तुकडे भिंतीवर नुसते ठेवून चालत नाहीत. किमान ७५ मिलिमीटरचे टेकण, टेकणावर पट्टी, तुकड्यांच्या मधल्या खाचांत सळई, वर जाळीचा एकसंध थर आणि तो थर भिंतीतून वर आलेल्या सळयांना बांधलेला, असे पाहिजे. आयएस १५९१६, राष्ट्रीय इमारत संहितेच्या सहाव्या भागातील पूर्वनिर्मितीचा विभाग आणि लवचीक सळईरचनेसाठी आयएस १३९२० यांना धरून केलेले आरेखन असल्याशिवाय टेंडर उघडू नये. जोडाचा नकाशा एक बाय पाच किंवा त्याहून मोठ्या प्रमाणात मागवा. भिंतीचा नकाशा कोणीही काढतो; जोडाचा नकाशा पाहिला की पुरवठादाराला काम येते की नाही ते कळते.

रस्ता आणि क्रेन यांकडे अंदाजपत्रकात कोणी पाहत नाही. ट्रेलरचा पाट मीटरभर उंच असतो. त्यावर सव्वातीन मीटरचे पॅनल उभे ठेवले की एकूण उंची साडेचार मीटरच्या जवळ जाते. ती परवान्याशिवाय चालत नाही आणि गावच्या वेशीवर लोंबणाऱ्या तारांत अडकते. म्हणून पॅनल आडव्या कुशीवर न्यावे लागते, आणि म्हणून उचलायचे हूक दोन बाजूंना द्यावे लागतात, एकदा उतरवायला, एकदा हवेत उभे करायला. हे हूक साच्यातच बसतात, मागाहून लावता येत नाहीत. दोन खोल्यांचा माल सत्तर-पंच्याहत्तर टन आणि व्हरांडा वेगळा, म्हणजे चार ट्रेलर धरावेत. शेवटी लागणारे पॅनल आधी आणि पहिले लागणारे शेवटी, या क्रमाने भरले नाही तर आवारात पॅनलचा ढीग होतो. पूर्ण खोलीचा तयार डबा आणावा, असाही प्रस्ताव कधी येतो. गाडीची रुंदी २.६ मीटरच्या आत ठेवायची असते, त्यामुळे वर्गखोलीसाठी तो आम्हाला योग्य वाटत नाही. स्वच्छतागृहासाठी मात्र तो उत्तम आहे. २.४ बाय ३ मीटरचा डबा फरशी, नळ, भांड्यासकट यार्डात तयार होतो आणि गावात फक्त पाणी व सांडपाण्याच्या पाइपला जोडायचा उरतो.

आपल्याकडे जी हायड्रा, म्हणजे लहान फिरती क्रेन, सहज भाड्याने मिळते ती जवळून जास्त उचलते. बूम, म्हणजे क्रेनचा हात, लांब गेला की तिची क्षमता झपाट्याने घसरते. ३.७ टनांचे पॅनल दहा-बारा मीटरवर ठेवायला ४०-५० टनी क्रेन लागते आणि तिचे चार पाय जमिनीत रोवले जातात. एका पायावर २० टन आले आणि खालचा पाट १ मीटर बाय १ मीटर असेल, तर ओली काळी माती ते झेलत नाही. क्रेन एका बाजूला कलली की पॅनल आणि माणसे दोन्ही धोक्यात. म्हणून क्रेन उभी राहणार त्या जागी ३०० ते ४५० मिलिमीटर मुरूम थराथराने दाबून, वर लाकडी किंवा लोखंडी पाट, आणि मुख्य रस्त्यापासून तिथवर मुरमाची वाट, ही कामे पायाच्याच ठेक्यात घालावीत, तीही पावसाळ्याआधी. यार्डात शंभर पॅनल तयार आहेत पण शेवटच्या दोनशे मीटर चिखलामुळे ट्रेलर जात नाही, असा प्रसंग आला तर दोष पद्धतीचा नसेल, अंदाजपत्रकाचा असेल. वारासुद्धा धरा. तासाला ३५ किलोमीटरच्या आसपास वारा गेला की रुंद पॅनल शिडासारखे फिरते, उचल थांबवावीच लागते. मेमध्ये वळवाचे वादळ बहुधा दुपारनंतर येते. तेव्हा उभारणी पहाटे सहा ते अकरा अशी धरावी आणि संध्याकाळी काम सोडताना एकही पॅनल दोन तिरक्या टेकूंशिवाय उभे नसावे. आवाराजवळून वीजवाहिनी जात असेल तर महावितरणकडून पुरवठा बंद ठेवल्याचे लेखी घेऊनच बूम वर करावा.

पाझर हा गावकऱ्यांचा पहिला आक्षेप असतो, आणि तो रास्त आहे. पॅनलमध्ये भिंत पाझरत नाही, जोड पाझरतो. जोड साधारण २० मिलिमीटरचा, आत फोमची दोरी, बाहेरून पॉलियुरेथेन सील, आणि खालच्या कडेला पाणी बाहेर निथळेल अशी खाच हवी. सील धुळीवर किंवा ओल्या कडेवर बसत नाही, म्हणून पावसाळ्यात घाईने भरलेला जोड पुढच्या उन्हाळ्यात सुटतो. नळीतले ग्राउट, म्हणजे सळईभोवती भरायचा पातळ सिमेंटचा माल, न आकसणारे हवे. भर दुपारी बेचाळीस अंशांत ते मिसळले तर नळीत पोहोचण्याआधीच घट्ट होते, तेही सकाळीच करावे. हस्तांतरणाआधी प्रत्येक बाहेरच्या जोडावर खालून वर जात अर्धा तास पाइपने पाणी मारून आतून तपासावे. त्याला लागणारा एक टँकर खर्चात धरा.

उष्णतेचेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. १५० मिलिमीटर काँक्रीटची भिंत नऊ इंची विटांच्या भिंतीपेक्षा लवकर तापते. छतावर ५० मिलिमीटर उष्णतारोधक थर आणि वर पांढरी चायना मोझॅक, पश्चिमेच्या भिंतीला मधे थर्माकोल असलेले सँडविच पॅनल आणि रुंद व्हरांडा, हे वगळून खर्च वाचवू नका. एप्रिलमध्ये मुले त्याच खोलीत परीक्षा देतात.

आता पैसा आणि टेंडर, कारण बरीच कामे इथेच अडतील. पहिले, मोजमाप. आजच्या पद्धतीत मोजमाप पुस्तिकेत नोंद होते ती जागेवर झालेल्या कामाची. यार्डात तयार पडलेल्या पॅनलला बिल नाही. म्हणजे पुरवठादाराचे बहुतेक पैसे गावात पाऊल ठेवण्याआधीच अडकतात, आणि तो एकतर भाव वाढवतो किंवा माल बनवायचा वेग कमी करतो. आमचा प्रस्ताव असा : पॅनलच्या ठेक्यात नकाशे व साचे मंजूर झाल्यावर बँक हमीवर १० टक्के, यार्डात तयार, तपासलेल्या व क्रमांकित मालावर ४०, उभारणीवर ३०, जोड व पाणीचाचणीवर १०, आणि उरलेले १० टक्के इमारतीने एक पूर्ण पावसाळा न पाझरता काढल्यावर. यार्डातला माल जिल्हा परिषदेच्या नावे लिहून द्यावा आणि त्याचा विमा असावा. तपासणी त्रयस्थाकडून व्हावी. छत्रपती संभाजीनगरचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आणि नांदेडची श्री गुरु गोबिंदसिंहजी अभियांत्रिकी संस्था हे करू शकतात.

दुसरे, संख्या. एका शाळेसाठी साचा केला तर ही पद्धत महाग पडते, यात शंका नाही. लोखंडी साच्याचा खर्च शेकडो पॅनलांवर वाटला गेला तरच परवडतो. म्हणून एकाच नकाशाच्या किमान ४०-५० खोल्या दोन-तीन तालुक्यांत मिळून एका ठेक्यात याव्यात. यार्डापासून शंभर-दीडशे किलोमीटरच्या पुढे वाहतूक अंगावर येते. जालना-शेंद्रा पट्ट्यात एक आणि लातूर-नांदेड बाजूला एक, असे दोन यार्ड आठही जिल्ह्यांना पुरण्याजोगे आहेत. सळईचे कारखाने जालन्यात आहेत, साचे व फॅब्रिकेशनची कामे करू शकणारे लघुउद्योग वाळूज-चिकलठाण्यात आहेत. माल पुण्या-मुंबईहून आणायची गरज नाही.

पण कामे एकत्र केली की सुशिक्षित बेरोजगार अभियंते आणि मजूर सहकारी संस्था यांच्या वाट्याचे काम जाईल, ही भीती खरी आहे आणि तिच्याकडे दुर्लक्ष करून ही पद्धत मराठवाड्यात रुजणार नाही. म्हणून ठेका दोन भागांत तोडावा. पाया, जोते, मुरमाची वाट, फरशी, रंग, वीज, आवारभिंत हे स्थानिकांकडे, गावागावाने. पॅनल, वाहतूक, उभारणी आणि जोड एकाच पुरवठादाराकडे, एकत्र. जोड कधीही तिसऱ्याला देऊ नका. पाझर निघाला की पॅनलवाला जोडवाल्याकडे आणि जोडवाला पॅनलवाल्याकडे बोट दाखवतो. दोन ठेक्यांची शिवण म्हणजे जोत्याची वरची पातळी. तिथे अधिक-उणे ५ मिलिमीटरची मर्यादा आणि टेम्पलेटवरची संयुक्त सही, एवढे पक्के असले की भांडणाला जागा उरत नाही. यार्डातले काम बारमाही असते. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांतल्या तरुणांना सळई बांधणे, साचा लावणे, ग्राउट करणे शिकवून तिथे घेण्याची अट टेंडरमध्ये घालता येईल.

तिसरे, बदल. साचा झाल्यावर खिडकी सरकवायची नाही, दार वाढवायचे नाही. शाळा व्यवस्थापन समिती, मुख्याध्यापक, विद्युत उपविभाग यांना नकाशा आधी दाखवा, सह्या घ्या. विजेच्या नळ्या आणि पेट्या साच्यातच बसवाव्या लागतात. नंतर ग्राइंडरने झिरी मारली की पॅनलची सळई कापली जाते.

नव्या बांधकामतंत्रांनी घरे बांधून दाखवणाऱ्या केंद्राच्या लाइट हाऊस प्रकल्पांत हे सर्व प्रत्यक्ष पाहता येते. १ जानेवारी २०२१ रोजी सहा शहरांत एकाच वेळी पायाभरणी झाली आणि प्रत्येक ठिकाणी वेगळे तंत्र वापरले गेले. चेन्नईत प्रीकास्ट भागांची १,१५२ घरे मे २०२२ मध्ये लोकार्पण झाली. रांचीत पूर्ण त्रिमितीय डब्यांची १,००८ घरे होती, ती २०२४ उजाडेपर्यंत लांबली. दोन्हीकडे कारखान्यातले काँक्रीट, तरी वेळेत एवढा फरक. आपल्या अभियंत्यांचे एक पथक दोन्ही ठिकाणी पाठवा आणि तिथे जोड, वाहतूक व जागेची तयारी कशी झाली, उशीर कोणत्या टप्प्यावर झाला, एवढेच विचारून या.

सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत परंडा-भूमपासून नांदेडपर्यंत जो पूर आला, त्यानंतर पुराच्या पातळीचा विचार न करता जोत्याची उंची ठरवणे यापुढे चालणार नाही. नदी-ओढ्याकाठच्या प्रत्येक शाळेच्या जागेवर त्या पुराची खूण अजून भिंतींवर दिसत असेल, तर ती पुसण्याआधी मोजून घ्या आणि जोते तिच्या वर धरा. पायाचा खर्च वाढेल. पॅनलचा वाढणार नाही.

आठही जिल्हा परिषदांनी मिळून एक नकाशा, जोडांचा एक संच आणि पन्नास खोल्यांचे एक प्रायोगिक टेंडर, कार्यारंभ आदेश डिसेंबरात निघेल अशा बेताने काढावे, आणि त्याच्या अंदाजपत्रकात मुरमाची वाट, क्रेनचे पाट, टेम्पलेट आणि पाणीचाचणी या चार बाबी स्वतंत्र ओळींत दाखवाव्यात, अशी आमची विनंती आहे. आरेखन तपासायला, चाचणी खड्डे पाहायला आणि यार्डात पॅनल मोजायला आम्ही विनामोबदला येऊ.

आपले,
मराठवाड्यात बांधकाम व संरचना आरेखनाचे काम करणारे अभियंते